यंदा बास कुणी वाजवत नाही

३ मार्च, मंगळवार

'लोखंडी पाळणा' आज दुसऱ्यांदा ऐकला. मत बदललं नाही. उलट पक्कं झालं.

गिटारी दोन, दोन्ही धारदार. डावीकडची जरा जास्त शहाणी. ड्रमवाला हा माणूस आहे की शिलाई मशीन, असा प्रश्न पडतो — पण टाका कुठे उसवत नाही, तेव्हा माफ. गाणारा घशातून गात नाही, थेट गुडघ्यातून ओरडतो. ओरडू दे, हेवी मेटल आहे, अंगाई नव्हे. पण बास? चार जाड तारांची ती गिटार, जी कानाला कळायच्या आधी पोटाला कळते — ती या अख्ख्या रेकॉर्डवर नाही. कव्हरवर बासवाल्याचा फोटो मात्र आहे. हाताची घडी घालून उभा. रेकॉर्डिंगच्या दिवशीही तसाच उभा राहिला असणार.

दहापैकी साडेपाच. त्यातला अर्धा छपाईचा.

५ मार्च, गुरुवार

यंदा फक्त नवीन रेकॉर्डी ऐकायच्या, जुन्या उगाळायच्या नाहीत, असं मी नव्या वर्षाला ठरवलं. ठरवलं ते पाळतो. पण या नव्या लोकांनी एकत्र बसून काही कट केलाय की काय? जानेवारीपासून एकाही बँडने बास वाजवलेला नाही.

बर्फवाले (खरं नाव म्हणताना जीभ दुमडते, म्हणून हे माझं): सतरा मिनिटांचं एक गाणं. वारा सुटल्याचा आवाज उत्तम. वाऱ्याखाली जमीन नाही.

तीन भाऊ: तिसरा भाऊ बासवाला. घरच्यांनी नाव टाकलेलं दिसतंय.

'राखेचा राजा': राजा आहे, राख आहे, सिंहासनाला पाय नाहीत. साडेपाच.

हे मी उगाच बोलत नाही. मी काच कापणारा माणूस. सूतभर चुकलं तर काच खिडकीत बसत नाही आणि गिऱ्हाईक मालकाच्या मानगुटीवर बसतं. संगीत मला कुणी शिकवलं नाही. गुरू नाही, क्लास नाही, कानाने कमावलंय. ऐकायची जागाही तशीच. दोन्ही स्पीकरांपासून खुर्ची समान अंतरावर, टेप लावून, खुर्चीच्या पायांखाली फरशीवर खुणा. स्पीकरच्या वायरी नव्या वर्षात मीच बदलल्या. जुन्या लाल-काळ्या होत्या, भिंतीवर गांडुळं चढल्यासारख्या दिसायच्या. आता दोन्ही पांढऱ्या, भिंतीत मिसळून गेल्यात. तेव्हापासून आवाज असा खोलीभर पसरतो की नेमका कुठून येतो तेच कळत नाही. याला म्हणतात मांडणी.

बायको उजव्या स्पीकरला खेटून मशीनवर बसते. लोकांच्या कपड्यांची अल्टरेशनं करते. म्हणाली, "बास नाही काय? माझ्या डब्यातली बटणं नाचतायत."

बटणं! चाळीस मापाच्या कमरेला अडतीसची पँट होत नाही, हे तिला कळतं. संगीताचं तसं नसतं.

८ मार्च, रविवार

मेहुणा आला. बायकोचा धाकटा भाऊ, फोटोफ्रेमचं दुकान आहे, आमच्याकडूनच काच नेतो. आणि 'भट्टी' नावाच्या बँडमध्ये बास वाजवतो. चौघंही चाळिशी ओलांडलेले. गाणारा रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे — दिवसभर लोकांना "मूठ आवळा" म्हणतो आणि संध्याकाळी स्वतः आवळतो.

हातात रेकॉर्ड. 'चटका'. पहिली! इतकी वर्षं नुसत्या तालमी चालल्या, आता एकदाची निघाली. शिवाय पुढच्या महिन्यात मुखवटेवाले (तोंडं झाकून वाजवणारा तो मोठा बँड) आपल्या मैदानावर येणार, आणि त्यांच्या आधी अर्धा तास भट्टी वाजवणार. हजारो लोक. मेहुण्याने हे सांगितलं, पण आनंदाने नाही. बस चुकलेल्या माणसासारखं सांगितलं.

"भाऊजी, तुमचं मत हवंय."

"बाकीचे काय म्हणतात?"

"बाकीच्यांचं सोडा. बाकीचे भारी भारी म्हणतात. त्यांना काय, घंटा वाजली तरी भारीच वाटतं. तुमच्या कानावर माझा विश्वास आहे. तुम्ही म्हणालात बास बरा आहे, तर मी मैदानावर उभा राहीन. नाहीतर नाही."

बायको म्हणाली, "अरे, यांना काय विचारतोस, यांना आमच्या लग्नातली सनईसुद्धा कमी-जास्त वाटली होती."

वाटली होती. होतीच.

त्याला म्हटलं, नीट ऐकून सांगतो. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी एक्स-रे आहे आणि त्याचं हाड मोडलंय.

९ मार्च, सोमवार

'चटका' ऐकली. खुर्ची खुणेवर, पडदे ओढलेले, पंखा बंद.

गिटार झकास. तिसऱ्या गाण्यात लॅबवाला असा किंचाळतो की आपल्याच दंडात सुई गेली असं वाटतं. ड्रम थोडे मागे, पण तो मनुष्य बॉलबेअरिंग विकतो, त्याला गोल फिरायची सवय. चौथ्या गाण्यात मध्येच सगळे थांबतात आणि फक्त बास वाजावा अशी जागा आहे.

तिथे मला शांतता ऐकू आली.

पुन्हा लावलं. शांतता. टेप काढून खुर्ची पुन्हा मोजली. खुर्ची बरोबर. आवाज वाढवला. शांतताही वाढली.

बायको मशीनवरून म्हणाली, "हे बघा, हे चौथं. इथे तर माझी कात्री सरकली टेबलावरून. भावाचा हात ओळखते मी."

भावाबहिणीचं प्रेम. त्याला आपण काय करणार.

१० मार्च, मंगळवार

दिवसभर डोक्यात एकच. खोटं सांगावं का? 'छान आहे' म्हटलं की झालं, दोन शब्दांचं काम. पण मग आजवर साडेपाच आणि पावणेसात कशाला देत आलो? आपल्या माणसाला सूट दिली की टेप फेकून द्यावी आणि वितीने काच कापावी.

शिवाय हजारो लोकांसमोर त्याची फजिती होण्यापेक्षा घरात झालेली बरी.

११ मार्च, बुधवार

सांगितलं.

संध्याकाळी त्याच्या दुकानात गेलो. तो कुणाच्या तरी आजोबांना चौकटीत बसवत होता. म्हटलं, गिटार चांगली, गाणारा चांगला. तो म्हणाला, "आणि मी?"

"स्पष्ट सांगू? तू यात कुठेच नाहीस."

आजोबा त्याच्या हातातून निसटले. काच वाचली — आमच्याकडचीच, चांगली असते.

"कुठेच?"

"कुठेच."

"चौथ्या गाण्यात?"

"तिथे तर मुळीच नाहीस."

चेहरा पांढराफटक. मग अगदी हळू, "हे तुम्हाला नुसतं ऐकून कळलं?"

"कानानेच ऐकतात. दुसऱ्या कशाने कळणार?"

"ताईला सांगितलंत?"

"तिला काय त्यातलं कळतंय."

मला वाटलं होतं वाद घालेल. वाद घालणाऱ्या माणसाचं बरं असतं, आपल्यालाही चार वाक्यं सापडतात. याने चहा मागवला आणि मलाच बिस्किटं जास्त दिली.

१४ मार्च, शनिवार

घरात शीतयुद्ध. मेहुण्याने बँडला सांगून टाकलं — मैदानावर दुसरा कुणी बघा. बायकोला फोनवर एवढंच म्हणाला, "भाऊजींना विचारलं, त्यांनी नापास केलं. त्यांचं बरोबर आहे."

"काय सांगितलंत त्याला?"

"ते आमच्या दोघांतलं आहे."

"दोघांतलं? तो माझ्या हातावर वाढलाय. पाळण्यात होता तेव्हा तुम्ही कुठे होतात?"

मी माझ्या पाळण्यात नव्हतो एवढं नक्की, पण तारीख-वार सांगायची ही वेळ नव्हती. कारणं सांगत बसलो नाही. मत दिलं की दिलं.

तेव्हापासून माझ्याशी बोलणं म्हणजे "ताट वाढलंय" आणि "दिवा घालवा".

१६ मार्च, सोमवार

"ताट वाढलंय."

१७ मार्च, मंगळवार

आज दुकानात ऑर्डर आली. मेहुण्याकडून. लांबट काच, जाड, कडा घासून. एवढ्या लांब आणि अरुंद फोटोत कोण मावणार? झोपलेला माणूस? मालकाला विचारलं. मालक म्हणाला, "फोटो नाही. गिटार. तुमचा मेहुणा गिटार चौकटीत घालून भिंतीला लावतोय. वर काच. आठवण म्हणून."

माप माझ्या हातात. मला त्या गिटारीची लांबी पाठ आहे, ती विकत घ्यायला मीच बरोबर गेलो होतो. लाकडाला गाठ नाही ना, हे मीच बघितलं होतं. आता तिच्यावर झाकणही मीच कापायचं.

मालकाला म्हटलं, या जाडीची काच संपलीय.

मालक म्हणाला, "मग ती समोर उभी आहे ती काय, चादर आहे?"

म्हटलं, तिला आत बुडबुडा आहे.

मालकाने चष्मा लावून बराच वेळ बुडबुडा शोधला. माझ्या शब्दावर लोकांचा इतका विश्वास आहे की शेवटी त्याला तो सापडलाही.

२० मार्च, शुक्रवार

मुखवटेवाल्यांची नवी रेकॉर्ड. मैदानावर येणार तेच. पाच जण, पाच मुखवटे. सोंडवाला गातो, चोचवाला ड्रमवर, शिंगवाले दोघे गिटारींवर. पाचवा, ज्याच्या मुखवट्याला तोंडच नाही, तो बासवाला. नाव सार्थ केलंय.

पावणेसहा. लिहायला उत्साह नाही. पूर्वी एखाद्या बासवाल्याला झोडपलं की रात्री झोप छान लागायची.

गिटारीची काच अजून कापलेली नाही. मालक रोज विचारतो. बुडबुड्यानंतर मी चरा सांगितला, चऱ्यानंतर पोपटी झाक. उद्या काय सांगू?

२२ मार्च, रविवार

आज जे झालं ते अक्षर न अक्षर लिहितो.

बायकोने वाळलेल्या कपड्यांचा ढीग माझ्या खुर्चीवर टाकला. मुद्दाम. वर म्हणाली, "घड्या घातल्याशिवाय हलवायचं नाही." म्हटलं ठीक आहे, माणसाने लवचीक असावं. ती भाजीला गेली. मी तिच्या मशीनपुढचं स्टूल घेतलं आणि मुखवटेवाल्यांना आणखी एक संधी दिली.

आणि पोटात धडधड सुरू झाली.

आधी वाटलं, ॲसिडिटी. मग लक्षात आलं, ॲसिडिटी तालात नसते. बास होता! बिनतोंडाचा तो मनुष्य काय वाजवत होता — ट्रक दारात येऊन इंजिन चालू ठेवून थांबावा तसा. डब्यातली बटणं नाचत होती. कात्री खरंच सरकत होती.

स्टूल उचलून मध्याकडे गेलो. बास पातळ. आणखी मध्ये. नाहीसा. परत उजवीकडे, आला. डाव्या स्पीकरला चिकटलो, आला. मध्ये, गेला. खेकड्यासारखा खोलीभर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फिरत होतो, स्टूल पोटाशी धरून. अख्ख्या घरात बास ऐकू येत नाही अशी जागा कोणती, तर बरोबर मध्यभागी. जिथे मी टेप लावून खुणा केल्यात.

मग यंदा न उघडलेलं कपाट उघडलं. जुन्यातली जुनी रेकॉर्ड काढली, जिचा बास मला स्वतःच्या नाडीसारखा पाठ आहे. कपडे बाजूला सारून खुर्चीत बसलो.

तोही नव्हता.

स्पीकरच्या मागे आडवा झालो. दोन पांढऱ्या वायरी. कोणती अधिक, कोणती उणे, सांगेल त्याला बक्षीस. डाव्या खोक्याला बरोबर. उजव्याला उलट्या. एक स्पीकर हवा पुढे ढकलतोय, दुसरा तीच मागे ओढतोय, आणि मी दोघांच्या मधोमध बसून बासवाल्यांच्या दोन-अडीच महिन्यांच्या कामाचं शून्य करतोय. लाल-काळी वायर असती तर लहान मूलही चुकलं नसतं. पण भिंतीवर गांडुळं नको होती ना मला.

वायरी बदलल्या. बसलो. 'चटका' लावली, चौथं गाणं.

सगळे थांबतात. आणि मग ती जागा.

काय लिहू? खुर्चीचे पाय खुणेवरून हलले. मी धरून बसलो होतो तरी हलले.

बायको पिशवी घेऊन दारात. "काय पडलं?"

"काही नाही. आवाज जरा वाढवला."

"आणि कपडे खाली कुणी टाकले?"

२३ मार्च, सोमवार

अर्धी रजा घेऊन यंदाच्या सगळ्या रेकॉर्डी पुन्हा ऐकल्या. न्याय म्हणजे न्याय.

'लोखंडी पाळणा': हाताची घडी घातलेल्या त्या माणसाची मनोमन माफी मागितली. आठ.

बर्फवाले: जमीन आहे. चांगली खडकाळ आहे.

तीन भाऊ: तिसराच घर चालवतो.

'राखेचा राजा': बासवाला इतका वाईट आहे की पूर्वीच बरं होतं. साडेपाचाचे चार केले. या एका निकालाने मला फार धीर आला.

२५ मार्च, बुधवार

काच आज कापावीच लागली. मालकाने स्वतः उभं राहून कापून घेतली. एका दमात, धार अशी की लोण्यातून गेली. इतकी सुंदर काच मी या वर्षात कापली नसेल आणि इतकं वाईट कधी वाटलं नसेल. शनिवारी पोचवायची आहे.

जेवताना बायकोला म्हटलं, "मला वाटतं, माझं मत जरा घाईचं झालं."

तिने पोळी हवेतच धरली. "कुणाचं मत?"

"माझं."

"तुमचं. घाईचं." ती माझ्या कपाळाला हात लावायला उठली. मग बसली. "मग मला काय सांगताय? त्याला जाऊन सांगा. तो काल फोनवर हसला, कसा माहितेय? मेलेल्या माणसाचा फोटो लावायला आलेल्या गिऱ्हाइकाशी हसतो तसा."

वायरीचं तिला सांगितलं नाही. ते आधी त्याला सांगायचं. त्याचा हक्क पहिला. वायरी मी लावल्या, उलट्या लावल्या, मीच लावल्या — असं तीनदा म्हणून पाहिलं. दर वेळी 'उलट्या'पाशी गाडी अडते.

२७ मार्च, शुक्रवार

म्हणून पाहिलं. आता जमतंय.

२८ मार्च, शनिवार

काच न घेताच गेलो. म्हटलं, ऐक, त्या रेकॉर्डचं जरा सांगायचंय — तर त्याने शटर अर्धं ओढलं आणि माझा हात धरला. "भाऊजी, तुम्ही नका बोलू. मीच सांगतो." रेकॉर्डिंगच्या आठवड्यात चौकट ठोकताना हातोडा अंगठ्यावर बसला होता. त्या रेकॉर्डवर बास त्याने वाजवलेलाच नाही. सगळाच्या सगळा रेकॉर्डिंगवाल्याच्या भावाने वाजवला. "बँडच्या तिघांशिवाय कुणाला माहीत नाही. लोक येऊन मलाच शाबासकी देत होते, मी घेत होतो. तुम्ही एकटे. नुसतं ऐकून तोंडावर म्हणालात, तू यात कुठेच नाहीस. आणि ताई एवढी बोलली तुम्हाला, तरी माझं तिच्याजवळ फोडलं नाहीत." डोळे पुसले त्याने. म्हणाला, आता लाज सरली, मैदानावर वाजवीन, स्वतःच्या हाताने वाजवीन. चौकटीतून गिटार काढली. उद्यापासून तालमीला मी समोर बसायचं, असं बँडने ठरवलंय.

वायरीचं राहिलं.